बस मोजायची नाही

३ मार्च, सोमवार

मिळाली. परवानगी मिळाली! महापालिकेच्या त्या अंधाऱ्या जिन्यावरून मी खाली कशी उतरले ते मला आठवत नाही. अर्जावर शिक्का बसला तेव्हा वाटलं, वाहतूक विभागाच्या अभियंता बाईंना उचलून गरागरा फिरवावं. पण त्या तशातल्या दिसत नाहीत. चष्म्याच्या वरून बघतात आणि बोलून झालं की पेनाला टोपण लावतात, म्हणजे आपण उठायचं.

आमच्या रस्त्यावर गाड्यांना ताशी पन्नासची मुभा आहे. आता महिनाभर तीसची पाटी लावून बघायची. महिनाअखेरीस बाई स्वतः यंत्र घेऊन येणार. गाड्या तीसच्या आसपास सापडल्या तर तीस कायम. नाही सापडल्या तर पाटी काढायची आणि पुन्हा अर्ज घेऊन यायचं नाही. एवढं बोलून त्यांनी टोपण लावलं.

मला तीस हवेत ते आईसाठी. उगाच समाजसेवेचा आव कशाला आणू? ती समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते आणि रस्त्याच्या अलीकडे माझं पाट्या रंगवायचं दुकान, शेजारीच आमचं घर. रोज दहाला ती रस्ता ओलांडून यायची, स्टुलावर बसून चहा प्यायची आणि माझ्या अक्षरांना नावं ठेवायची. गेल्या वर्षी एका गाडीच्या आरशाने तिच्या हातातली पिशवी ओढून नेली. खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून तिने रस्त्यावर पाय ठेवलेला नाही. मी तिच्याकडे जायला निघाले की ती खिडकीत डोळे मिटून उभी राहते. खालून दिसतं मला. स्टुलावर आता रंगाचे डबे असतात.

घरी येऊन बातमी सांगितली. आमचे हे याच रस्त्यावरून बस चालवतात, मंडई ते इस्पितळ. जेवता जेवता म्हणाले, "पाटी वाचून कुणी ब्रेक मारत नाही. पुढे काही आडवं आलं तर मारतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझा अख्खा जन्म पाट्या रंगवण्यात गेला आणि घरातच ही किंमत. ठरवून टाकलं, या महिन्यात यांच्याशी पाट्यांचा विषय काढायचा नाही आणि यांच्या बसकडे ढुंकूनही बघायचं नाही. हे सगळं कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून ही डायरी.

४ मार्च, मंगळवार

पहिली पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं, वीतभर उंचीची: "आई रस्ता ओलांडते आहे. हळू." खाली महापालिकेचा गोल तीसचा आकडा. शिट्टीमास्तर म्हणाले, कुणाची आई ते लिहिलं नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच लिहिलं नाही, ज्याला त्याला आपापली आठवेल.

शिट्टीमास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतीचे मास्तर. दुकानाच्या वर राहतात आणि गळ्यात अजून शिट्टी असते. मोजायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. रस्त्याकडेच्या दोन खांबांशी आम्ही पांढऱ्या रेघा मारल्या. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की घड्याळ चालू, दुसरीवर आलं की बंद, मग मास्तर तोंडी हिशेब करून वेग सांगतात. रोज इस्पितळाकडे जाणाऱ्या वीस गाड्या मोजायच्या असं ठरलं.

नियम मात्र मी घातला: बस मोजायची नाही. घरचा माणूस बस चालवतो, उद्या कुणी म्हणायला नको की बाईने नवऱ्याला सांगून आकडे गोड करून घेतले. मास्तरांना हे फार पटलं. म्हणाले, पंच असा असावा.

अकराला मोजायला बसलो. एकाही गाडीने वेग कमी केला नाही. एकाने तर काच खाली करून पाटी मोठ्याने वाचली, छान म्हणाला आणि भुर्रकन गेला.

हे घरी उशिरा आले. म्हणे आईंकडे डोकावलो होतो, त्यांचा नळ गळत होता. जावई-सासू दोघं मिळून नळाशी एवढा वेळ काय करत होते कोण जाणे.

५ मार्च, बुधवार

चमत्कार! दुसरा शब्द नाही.

सकाळीच आईचा फोन आला. म्हणाली, मोजायचं तर दहाला मोजा, मला यायचं असतं ते दहाला, अकराच्या गाड्यांशी माझं काय काम? आणि म्हणाली, मला खिडकीतून पार वळणापर्यंतचं दिसतं, मी टॉवेल हलवला की सुरू करा. बरं वाटलं. घरात बसून कंटाळते बिचारी, तेवढंच तिलाही काम.

दहा वाजून गेले तेव्हा टॉवेल हलला. आधी यांची बस आली. मी ठरवल्याप्रमाणे पाठ फिरवून पाटीवरची धूळ पुसत राहिले. मग मास्तरांचा आवाज ऐकू यायला लागला. अठ्ठावीस. अठ्ठावीस. सत्तावीस. एकोणतीस. वीसच्या वीस गाड्या, एकामागोमाग एक, शाळेच्या रांगेतून चालल्यासारख्या. मास्तरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं.

काल रात्रभर विचार करून मी 'हळू' या शब्दाखाली एक पिवळी रेघ ओढली होती. ती रेघच लागू पडली. पिवळ्यात काहीतरी आहे.

यांना काही सांगितलं नाही. आपणहून विचारलंही नाही त्यांनी. नुसते गालात हसत जेवले.

६ मार्च, गुरुवार

बट्ट्याबोळ. टॉवेल हलला, बस धडधडत गेली आणि मागून गाड्या अशा सुटल्या की मास्तरांची टोपी उडाली. एक्कावन्न, अठ्ठेचाळीस, पंचावन्न. पिवळी रेघ तीच, पाटी तीच.

घरी आले तर हे कोबी चिरत बसलेले. गुरुवारी यांची सुट्टी असते. आज कसं गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला काय त्याचं. ते चिरत राहिले. एवढा कोबी दोन माणसं खाणार कधी?

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा अठ्ठावीस! पुन्हा रांगेत! आज नवी पाटी लावली होती: "हॉर्न वाजवून रस्ता रुंद होत नाही." मला वाटतं लोकांना टोमणा चालतो. उद्यासाठी आणखी एक रंगवायला घेतलीय: "ब्रेक चालतो का? एकदा दाबून बघा."

आई फोनवर म्हणाली, अक्षरं बरी आलीत. वर्षभरात तिने पहिल्यांदा माझ्या अक्षरांना बरं म्हटलं. फोन ठेवून दुकानात एकटीच नाचले. समोरचा सोफेवाला बघत होता, बघू दे.

११ मार्च, मंगळवार

चार दिवस लिहायला फुरसत नव्हती. चारही दिवस गाड्या तीसच्या आत. मी आता दुकानात गिऱ्हाइकांना सांगते, शब्द कसा मोजका हवा, रंग कसा डोळ्यात भरायला हवा. चार गोष्टी मलाही कळतात म्हणायच्या.

आणि खरी बातमी तर पुढेच आहे. आज दहाला आई टॉवेल हलवून खिडकीतून दिसेनाशी झाली. मला वाटलं, चहा उतू गेला असेल. तर आई इमारतीच्या दारात! कठड्याला धरून उभी होती. गाड्यांची ती मंद रांग पुढून गेली आणि ती बघत राहिली, डोळे उघडे ठेवून. मी हात केला तर तिनेही केला. मी हात तसाच वर धरून उभी आणि मास्तर विचारतात, पुढची गाडी मोजू का थांबू.

हे आजही उशिरा आले. हल्ली रोजचंच झालंय. विचारलं तर म्हणे, फेऱ्या लांबतात. मी म्हटलं, मधल्या वेळात गप्पा मारत बसत असाल डेपोत. त्यावर म्हणाले, आता मधला वेळ उरतच नाही. पाय दुखत होते त्यांचे. गरम पाणी दिलं.

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा तेच. बावन्न, पन्नास, सत्तावन्न. हे गुरुवारचं काय आहे? मी तीन पाट्या ओळीने लावल्या होत्या. मास्तर म्हणतात, लोक गुरुवारपर्यंत आठवड्याला वैतागलेले असतात. मग शुक्रवारी का नसतात? मला वाटतं, गुरुवारी ऊन समोरून येतं आणि पिवळा रंग दिसत नाही. मास्तर म्हणाले, ऊन रोज तिथूनच येतं. तरी पुढच्या गुरुवारी लाल रंग लावून बघणार.

आईला फोनवर हे उन्हाचं सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हातारपणी माणसं कशालाही हसतात. नंतर म्हणाली, "अगं, तू कधी मागे वळून बघतेस का?" मी म्हटलं, मला पुढचं बघायला वेळ नाही, मागचं कुठे बघू?

१५ मार्च, शनिवार

यांना डेपोत साहेबांनी बोलावलं होतं. रोज उशीर होतो म्हणून ओरडा बसला. एक एप्रिलपासून या मार्गावरून काढून लांबच्या मार्गावर टाकणार. मी म्हटलं, बरंच झालं की, तिकडे मोकळा रस्ता, वेळेवर घरी याल. हे नुसतं हो म्हणाले. इतक्या वर्षांत एकदाही उशिराचा शेरा नव्हता यांच्या नावावर. वय झालं म्हणायचं. मनात आलं ते लिहिते: मला जरा लाज वाटली की आपला माणूस ढिला पडला.

आईकडे गेले तेव्हा सहज सांगितलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "मग दहाची बस कोण आणणार?" मी म्हटलं, कोणी का आणेना, तुला कुठे बसने जायचंय? निघताना मला म्हणाली, त्याच्या पायाला तेल लाव. माझ्या पायांचं कधी विचारत नाही, जावयाचं बरोबर लक्षात असतं.

१८ मार्च, मंगळवार

अभियंता बाईंचा फोन. मोजायला येणार सत्तावीस तारखेला, सकाळी दहाला. मी हो हो म्हणून ठेवला आणि मग कॅलेंडर बघितलं.

गुरुवार!

उलटा फोन केला. बुधवार चालेल, शुक्रवार चालेल, रविवारीसुद्धा चालेल म्हटलं. त्यांनी विचारलं, गुरुवारी काय अडचण आहे? मी काय सांगू? गुरुवारी लोकांच्या अंगात येतं म्हणून सांगू? त्या म्हणाल्या, रस्ता रोजचा असतो, गुरुवारी चालत नसेल तर चालत नाही. टोपण लावल्याचा आवाज फोनमधूनसुद्धा ऐकू आला.

जेवताना माझं मलाच राहवलं नाही, यांच्याशी विषय काढायचा नाही हे विसरून सगळं सांगून टाकलं. यांनी घास खाली ठेवला. गुरुवारी का, एवढंच दोनदा विचारलं.

२० मार्च, गुरुवार

आज लाल पाटी लावली. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी पाटी, दाराएवढी: "थांबलात तर पाच मिनिटं जातील. नाही थांबलात तर माणूस जाईल." दोरी धरायला सोफेवालासुद्धा आला. मी सगळ्यांना सांगत होते की ही आज गुरुवारची खोड मोडणार.

आईलाही जोर चढला होता. काल ती फूटपाथच्या कडेपर्यंत आली होती आणि म्हणाली होती, उद्या येते बहुतेक. मी स्टुलावरचे डबे काढून ठेवले होते. चहाचं पाणी ठेवलं होतं.

टॉवेल हलवून ती खाली आली. बस गेली. आणि मागून तेच. माझी लाल पाटी कुणी बघितलीही नाही. आईने एक पाय झेब्रा पट्ट्यांवर टाकलेला, तेवढ्यात एक गाडी हॉर्न दाबूनच आली, अगदी तिच्या नाकासमोरून गेली. तिने पाय मागे घेतला. मी धावले, पण रस्ता मला ओलांडू देईना. तिकडे पोचले तोवर ती वर गेली होती. दार उघडलं आणि आत जाऊन पलंगावर बसली. पाणी दिलं ते तिने बाजूला ठेवलं. म्हणाली, आता मला आग्रह करू नकोस.

मी दुकानात येऊन रडले. सगळं माझ्यामुळे. मीच तिला खाली उतरवलं. मला शब्द येतात, रंग येतात, एक गाडी थांबवता येत नाही. डबे परत स्टुलावर ठेवले.

हे सुट्टीवर होते, घरच्या खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी घरी येताच चपला घालून आईकडे निघून गेले. परत आल्यावर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी मी ड्युटी घेतलीय."

ऐकलं आणि मन उडालं माझं. वर्षात एकदा मला शेजारी माणूस हवा होता, दोरी धरायला, धीर द्यायला, तर हे नेमके त्याच दिवशी सुट्टी सोडून कामावर जाणार. बोलले असते तर भांडण झालं असतं.

२४ मार्च, सोमवार

शुक्रवारपासून गाड्या पुन्हा तीसच्या आत. पण मला आनंद होत नाही. आई दारात येत नाही. टॉवेल तेवढा हलवते.

दुपारी एक मुलगी दुकानात आली, बस ड्रायव्हरच्या गणवेशात. यांच्या हाताखाली शिकलेली म्हणे, आता तीही याच मार्गावर असते, गुरुवारी बदलीवर यांची बस तिच्याकडेच असते. मला म्हणाली, "ताई, गुरुवारी त्या बाई नक्की किती वाजता येणार? आणि किती वेळ थांबणार?" मी सगळं सांगितलं. मग ती बराच वेळ त्या पहिल्या निळ्या पाटीसमोर उभी राहिली. खाली बघून म्हणाली, सॉरी ताई. कशाबद्दल ते बोलली नाही. परक्या पोरीला माझी काळजी आणि घरच्याला नाही.

२७ मार्च, गुरुवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, आईने पाहिलं तर नावं ठेवील. पण सगळं क्रमाने लिहायचंच.

बाई दहाच्या आधीच आल्या. तीन पायांचं यंत्र लावलं, मास्तरांचं घड्याळ हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. मास्तर त्या कौतुकावर दिवसभर जगतील. पाट्या त्यांनी एकूण एक वाचल्या. निळ्या पाटीपाशी थांबून म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे. मग यंत्रामागे उभ्या राहिल्या. आज टॉवेल नाही, काही नाही. मी डोळे मिटून घेतले.

बस गेल्याचा आवाज आला. मागून गाड्यांचा आवाज आला, हळू, घरघरत. मास्तर हळूच म्हणाले, अठ्ठावीस. मी डोळे उघडले. गुरुवार आणि अठ्ठावीस! लाल पाटीने करून दाखवलं! मी मास्तरांचा दंड इतका जोरात धरला की ते ओरडले.

थोड्या वेळाने दुसरी बस आली, तशीच. उलट्या बाजूनेही एक आली, तशीच. मी हवेत तरंगत होते. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही नाही. त्या यंत्रामागून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाट्या झाका."

मला वाटलं, चुकून ऐकलं. त्यांनी परत सांगितलं. मी आणि मास्तरांनी चादरी आणल्या, सोफेवाल्याने प्लास्टिक दिलं. एकेक पाटी झाकताना मला पोटच्या पोराचं तोंड झाकल्यासारखं वाटत होतं. तीसचा आकडासुद्धा झाकला. मग बाई परत यंत्रामागे गेल्या.

पुढची बस आली. मागून गाड्यांची रांग. अठ्ठावीस.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट समजावणीचाच होता. "या गाड्या पाट्यांमुळे हळू नाहीत. मध्ये दुभाजक आहे, पुढे जाता येत नाही. त्या बसच्या मागे आहेत म्हणून हळू आहेत. तुम्ही बस मोजत नव्हता का?"

मी म्हटलं, नाही. घरचा माणूस आहे म्हणून.

आणि मग मी महिन्यात पहिल्यांदा बसकडे बघितलं. फेरी मारून यांची बस परत येत होती. हे दोन्ही हातांनी चाक धरून ताठ बसले होते. वेगाच्या काट्यावर नजर ठेवून माणूस चालवतो ना, तसे. मागे पन्नासेक गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. बुधवार, शुक्रवार, ते उशिरा येणं, दुखणारे पाय, साहेबांचा ओरडा, गुरुवारचा तो कोबी. सगळं एकदम डोक्यात पडलं. मी फूटपाथवर बसले.

बाई म्हणत होत्या, हे प्रयोगात धरता येणार नाही, पाट्यांचा परिणाम शून्य. मला ऐकू येत होतं, कळत नव्हतं. तेवढ्यात मास्तरांनी शिट्टी वाजवली. का, तर समोर आई उभी होती. फूटपाथच्या कडेला, पिशवी हातात घेऊन.

यांची बस झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. तिथे थांबा नाही. बस थांबली म्हणून मागचा सगळा रस्ता थांबला. उलट्या बाजूने ती मुलगी आली आणि तिनेही थांबवली. दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले. आईने आधी यांच्याकडे पाहिलं. यांनी काचेतून मान हलवली.

ती निघाली. सावकाश, पिशवी पोटाशी धरून. मध्यावर, दुभाजकाच्या फटीत थांबली. ती थांबली होती कशासाठी, तर चादरीआडून बाहेर आलेली लाल पाटी बघायला. तिथूनच म्हणाली, "उजवीकडे कललीय ती." मग उरलेला रस्ता ओलांडला आणि सरळ दुकानात गेली.

मी मागोमाग धावले. आत ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "स्टुलावर डबे कुणी ठेवले?"

मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि डबे उचलताना निळ्या रंगाचा सांडला तो अजून पायावर आहे.

अभियंता बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बराच वेळ आईकडे बघत होत्या. चहाला नको म्हणाल्या आणि मग प्यायल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, वेगमर्यादा म्हणजे तरी काय, पुढच्याने पाळायची आणि मागच्याला दुसरा इलाज नाही असं करायचं. तीस कायम करायची शिफारस करते, पण पाट्यांच्या भरवशावर नाही. या मार्गाच्या बसला जास्त वेळ द्यायचा, दिवसभर सगळ्या बस तीसने चालवायच्या, म्हणजे रस्ता आपोआप चालेल. डेपोच्या साहेबांशी मी बोलते. एवढं बोलून त्यांनी पेन काढलं आणि टोपण न लावताच लिहीत गाडीकडे गेल्या.

आई निघायला तयारच नव्हती. दुसरा चहा मागितला. सगळं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्या नळाच्या दिवसापासून. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तू इतकी खूश होतीस, आणि लाल पाटी एवढी मोठी की मलाही वाटलं, गुरुवारीसुद्धा एखादा थांबेल. आणि टॉवेल ती रस्ता बघून नाही, दहाची बस वळणावर दिसली की हलवायची.

३१ मार्च, सोमवार

डेपोतून निरोप आला. बसचा वेळ वाढवला, यांची बदली रद्द. पत्र अजून यायचंय, पण साहेब स्वतः यांना म्हणाले की तुम्ही आम्हाला गोत्यात आणलंत आणि मग हात मिळवला. तीसचे लोखंडी फलक पुढच्या आठवड्यात लागतील. महापालिकेचे, छापील. माझ्या पाट्या काढायच्या. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तितकं नाही वाटलं. आई चारही दिवस दहाला आली. ड्रायव्हर मुलगीही काल चहाला आली होती; गुरुवारी मार्गावरच्या बाकीच्या ड्रायव्हरांना तिनेच तयार केलं होतं म्हणे. आईने तिला स्टूल दिलं आणि मला उभं ठेवलं.

गुरुवारपासून यांच्याशी नीट बोलायचं राहिलं होतं. लाज वाटत होती. आज हे वेळेवर घरी आले, मी पाय शेकायला पाणी घेऊन गेले आणि विचारलं, एवढे दिवस ओरडा खाल्लात, नावावर शेरा घेतलात, मला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

हे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू मोजणं बंद केलं असतंस. घरचा माणूस म्हणून."

ते खरं होतं. तरी मी सोडलं नाही. म्हटलं, पाटी वाचून कुणी ब्रेक मारत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

यांनी पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले.

"पहिल्या दिवशी दुपारी चारच्या फेरीला ती निळी पाटी पाहिली," म्हणाले. "आई रस्ता ओलांडते आहे. एकाने मारला की ब्रेक."